आनंदीबाईंनी दिलेला निवाडा

भगिनींनो, मी काही लेखिका नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पण गेल्या श्रावणात आपल्या मंडळात जो वाद रंगला, तो स्मरणिकेत कुणीतरी लिहावा असे अध्यक्षबाईंनी सुचविले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. चुकले-माकले पदरात घ्यावे.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालची. तिच्यावरून नाटक झाले, आणि २०१९ साली त्याच नावाचा चित्रपटही निघाला. आपण ती दर शुक्रवारी वाचली. एकीने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी वाती वळीत ऐकायचे. पण गोपाळराव बायकोला अभ्यासासाठी मारतात, तो भाग आला आणि वाती बाजूला राहिल्या.

एक काकू म्हणाल्या, “त्या काळात बायकोला डॉक्टर करणारा नवरा! असा सात जन्म मिळावा.” शेजारच्या वैनी उसळल्या, “मारकुटा माणूस कसला नायक हो?” दोन तट पडले. शेवटी आपल्यातल्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, “कादंबरी ती कादंबरी. खरे काय घडले ते आधी बघा.” पुढच्या शुक्रवारी त्या आनंदीबाईंचे चरित्र आणि पत्रे घेऊन आल्या.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, पोस्टात कारकून. बायकोला शिकवायचेच या हट्टाने पेटलेले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी बाई पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायला लाजत असे. डॉक्टर होण्याचा निश्चय तिथून झाला. तेव्हा नवऱ्याचा हट्ट खरा, तसे त्या माउलीचे दुःखही तितकेच खरे.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका पाद्य्राला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. ते वाचून न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी या अनोळखी मुलीला आधार दिला. अठरा वर्षांच्या आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, त्या नवऱ्याशिवाय. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने त्यांना गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या गेल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली आहे.

हे ऐकताना सगळ्यांचे डोळे भरले. पण वाद मिटला तो एका पत्राने. आनंदीबाई अमेरिकेत एकट्या अभ्यास करीत असताना गोपाळराव इकडून संशयाची, टोचून बोलणारी पत्रे पाठवीत. त्यांना त्यांनी एकदा उत्तर लिहिले. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेत, पुढे पुस्तके नि खुर्च्या अंगावर फेकल्यात, सोडून जाण्याची धमकी दिलीत, हे सारे त्यांनी स्पष्ट लिहिले. तुमची वागणूक चांगली की वाईट, हे ठरविणे अवघड आहे. दोन्ही म्हणावे लागेल, असा त्यांचा आशय. शेवटचा हेतू पाहिला तर ती योग्य, पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम झाला हे पाहिले तर ती चूकच.

काकू आणि वैनी दोघीही गप्प झाल्या. जिने सोसले तिनेच निवाडा दिला होता. उपकार विसरली नाही आणि वळ लपविलेही नाहीत. आपण नायक-नायिका ठरवीत बसतो. तिने मात्र आपल्या माणसाला पुरते ओळखले होते.

आता थोडे घरचे. माझी मुलगी डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरला शिकवणीला आहे. नांदेडहून लातूर ते किती, पण सोळा वर्षांच्या मुलीला तेही लांबच. आपल्या नांदेडात १९८८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिला सातासमुद्रापार जायचे नाही. पण चाचणीत गुण कमी पडले की मी फोनवर तोंडाचा पट्टा सोडीत असे. “आम्ही पोटाला चिमटा घेऊन शिकवतो,” हे तर दरवेळी. मला सातवीतून काढले होते, ती भूक मी तिच्या ताटात वाढीत होते. हात उगारला नाही म्हणून मी स्वतःला चांगली समजत होते. ते पत्र ऐकले त्या रात्री झोप लागली नाही. गोपाळराव पुण्या-कल्याणातच होते असे नाही.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. गुण विचारले नाहीत, जेवलीस का एवढेच विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई, बरी आहेस ना?”

मुलींना शिकवावे, अवश्य शिकवावे. पण उद्या तिने आपल्याविषयी पत्र लिहायला घेतले, तर त्यात “दोन्ही” असे लिहिण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढे आपण आयांनी पाहावे.