चिपच्या कुलपाचा वेढा : २००८ ते २०१९

१/ इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि बखरी आठवतात. आजचा वेढा मात्र अलीकडचा आहे आणि तो पडला होता नखाएवढ्या चिपमधल्या कुलपाला.

२/ १९८७ साली तैवानमध्ये टीएसएमसी स्थापन झाली. इतरांनी आखलेल्या चिप घडवून देणे, एवढाच तिचा व्यवसाय. पुढे आराखडा एका देशात आणि कारखाना दुसऱ्या देशात, अशी रीतच पडली. मग प्रश्न उभा राहिला : संपूर्ण आराखडा हाती आलेल्या कारखान्याने जादा नग परस्पर विकले तर?

३/ २००८ मध्ये रॉय, कुशनफर आणि मार्कोव्ह यांनी ‘एपिक’ ही योजना मांडली. आराखड्यात जास्तीची लॉजिक गेट पेरायची आणि प्रत्येक गेट किल्लीच्या एका बिटाशी जोडायचे. बिट बरोबर असेल तर गेट असून नसल्यासारखे. चुकला तर उत्तर बिघडते. कारखान्याला आराखडा मिळे, किल्ली मिळत नसे. हेच ‘लॉजिक लॉकिंग’.

४/ १२८ बिटांची किल्ली घेतली, तर संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते. एकेक किल्ली लावून पाहणे अशक्य. तटबंदी भक्कम वाटली.

५/ २०१२ मध्ये पहिला तडा गेला. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, इनपुट नेमके निवडल्यास किल्लीचा एखादा बिट थेट आउटपुटवर उमटतो.

६/ निर्णायक हल्ला २०१५ चा : सुब्रमण्यन, रे आणि मलिक यांचा. हल्लेखोराजवळ आराखडा असतो आणि बाजारातून विकत घेतलेली चालू चिपही. दोन किल्ल्या ज्यावर भिन्न उत्तरे देतील असे इनपुट शोधायचे आणि तेच चालू चिपला द्यायचे. तिच्या उत्तराशी न जुळणाऱ्या साऱ्या किल्ल्या बाद. असे इनपुट उरले नाही की हाती राहते ती काम देणारी किल्ली.

७/ हे इनपुट शोधून देतो ‘सॅट सॉल्व्हर’. हा प्रश्न किती अवघड आहे, हे कुक यांनी १९७१ मध्येच दाखवले होते. तरीही २००१ च्या ‘चॅफ’सारख्या सॉल्व्हरांनी व्यवहारात तो मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आणला. चॅफच्या कर्त्यांतही मलिक होतेच!

८/ २०१६ मध्ये ‘सारलॉक’ आणि ‘अँटी-सॅट’ पुढे आले. सारलॉकमध्ये एका प्रश्नाने जेमतेम एकच किल्ली बाद होई. पण त्याची किंमत अशी की, चुकीच्या किल्लीवरही चिप जवळजवळ नीट चाले. शिवाय संरक्षक भाग ओळखून छाटताही येई. २०१७ च्या ‘एसएफएलएल’ने ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला; २०१९ मध्ये सिरोन आणि सुब्रमण्यन यांनी त्याच्याही अनेक कुलपांची रचना तपासून किल्ली शोधून काढली.

९/ आपल्याकडचे कित्येक किल्ले तोफांनी नव्हे, फितुरीने पडले. इथे फितूर होती ती रीतसर विकत घेतलेली चिपच : विचारेल त्याला खरे उत्तर देणारी. म्हणून कुलपाची पारख करताना किल्ल्यांची संख्या नंतर मोजावी. आतून काय काय सांगितले जाते, ते आधी पाहावे.

थ्रेड समाप्त. शंका असल्यास खाली अवश्य विचाराव्यात.