अंतराळ केंद्राची शेतातली वाटचाल

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशरोटी पुढे विक्रम साराभाईंकडे अहमदाबादला गेले. माणूस मूळचा केरळचा. माड कसे वठतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. १९७० च्या सुमारास त्यांनी कायमकुळम परिसरात ‘रूट विल्ट’ रोगाने ग्रासलेल्या माडांवर हेलिकॉप्टर फिरवलं आणि अवरक्त फिल्मवर फोटो घेतले. या फिल्मवर निरोगी झाड लालभडक उमटतं, रोगट फिकं. भारतातलं दूरसंवेदन सुरू झालं ते असं, उपग्रहाविना.

१९७२ मध्ये अहमदाबादेत इस्रोचं अंतराळ उपयोग केंद्र उभं राहिलं. १९७४-७५ मध्ये कृषी संशोधन परिषदेला सोबत घेऊन अनंतपूर आणि पतियाळा जिल्ह्यांतल्या पिकांची विमानातून पाहणी झाली. पण फोटोतला लाल रंग किती गडद असला म्हणजे पीक बरं म्हणायचं? त्याला आकडा हवा.

तो शेतातच मिळतो. हरितद्रव्य तांबडा प्रकाश गिळतं. जवळचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या जवळजवळ निम्मा परत फेकतात. हे मोजायला स्पेक्ट्रोरेडिओमीटर आधी पांढऱ्याशुभ्र पाटीवर रोखायचा, मग पिकावर. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे परावर्तन. वेळ साधारण दहा ते दोनची. ढगाचा तुकडा आला की थांबायचं. कपडे गडद घालायचे, नाहीतर सदऱ्याचाच उजेड गव्हाच्या खात्यात जमा! उपग्रह उडतो तेव्हा टाळ्या पडतात. या उन्हातल्या कामाला कोण विचारतं?

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून भारताचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए उडाला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटरचा, म्हणजे सव्वा एकरापेक्षा थोडा मोठा. सलग गव्हाला तो पुरे. आपल्याकडच्या कपाशीत तुरीच्या ओळी असलेल्या तुकड्यांचं काय? उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाचा अंदाज बांधण्याचं तंत्र तरीही रुळलं आणि २०१२ मध्ये ते दिल्लीच्या महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राकडे गेलं.

खरिपाचं दुखणं वेगळंच. भात पोसतो तेव्हाच आभाळ भरलेलं, आणि परावर्तन मोजायला ऊन लागतं. म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये ढगांआरपार पाहणारा रडार-उपग्रह रिसॅट-१ सोडला. त्याचं रडार अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडवलं. रडारला ती पांढरी पाटी चालत नाही. त्याची मापं जुळवायला जमिनीवर धातूचे त्रिकोणी परावर्तक उभारावे लागतात.