कोणत्या वॉशिंग मशीनला कोणती पावडर? बोअरचं पाणी असेल तर हे आधी वाचा

पावडर चांगली, मशीन नवं, तरी कपड्यांवर पांढरे डाग का राहतात? बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव, संग्रामपूर भागात याचं उत्तर अनेकदा पाण्यात सापडतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात भूजलात क्षार जास्त आहेत.

पाणी जड म्हणजे काय?
पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की फेस कमी होतो. मग लोक आणखी पावडर टाकतात. ती नीट निघत नाही, खळबळायला पाणीही जास्त लागतं.

घरीच तपासा
बाटलीत थोडं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा तुकडा टाकून हलवा. फेसाऐवजी पाणी दुधाळ झालं तर ते जड आहे.

मशीननुसार निवड
• फ्रंट लोड: पाणी कमी लागतं, म्हणून कमी फेसाची, पाकिटावर ‘फ्रंट लोड’ लिहिलेलीच पावडर किंवा लिक्विड.
• टॉप लोड: ‘टॉप लोड’ लिहिलेली पावडर किंवा लिक्विड.
• सेमी ऑटोमॅटिक: साधी पावडर चालते, पण आधी पाण्यात विरघळवा.

पावडर की लिक्विड?
मातीच्या डागांना पावडर, तेलकट डागांना लिक्विड. लिक्विड थंड पाण्यातही सहज मिसळतं.

पाणी जड असेल तर पाकिटावर त्यासाठी दिलेलं प्रमाण पाळा आणि मशीन अधूनमधून डिस्केलिंग पावडर टाकून रिकामं फिरवा. नाहीतर हीटरवर क्षारांचा थर चढतो, वीज जास्त लागते. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, एवढं लक्षात ठेवा.