मखमलीचा परकर कुणी घालायचा?



लुगड्यांवरचा आपला कार्यक्रम झाला, तेव्हा गटातल्या मुलींनी आम्हाला मोबाइलवर अमेरिकेतल्या एका जत्रेची चित्रं दाखवली. बायका चारशे वर्षांपूर्वीचे पायघोळ झगे घालून, गळ्याभोवती चुण्यांची भली मोठी कॉलर लावून, हातात भाजलेली तंगडी घेऊन मजेत फिरतायत. तिकडं याला रेनेसान्स फेअर म्हणतात. रेनेसान्स म्हणजे युरोपातला प्रबोधनकाळ. पण जत्रेत बहुतेक वेळा पहिल्या एलिझाबेथ राणीचं इंग्लंडच उभं करतात. तिची कारकीर्द १५५८ ते १६०३. आपल्याकडं चांदबिबीनं अहमदनगरचा किल्ला लढवला, तो याच काळात.

ही जत्रा सुरू कशी झाली, ते वाचून आमचे कान टवकारले. लॉस एंजेलिसमध्ये फिलिस पॅटरसन नावाच्या एक शिक्षिका होत्या. घराच्या परसात त्या मुलांची नाटकं बसवायच्या. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी १९६३ च्या मे महिन्यात पहिली जत्रा भरवली, ती केपीएफके नावाच्या रेडिओसाठी पैसे उभे करायला. हा रेडिओ जाहिरातींवर नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालायचा. म्हणजे आपल्याच भाऊबंदांतला म्हणा ना! दोन दिवसांत सुमारे ८,००० माणसं आली. पुढं अमेरिकेत ठिकठिकाणी अशा जत्रा भरू लागल्या.

आता वेशाकडं येऊ. जत्रेला जाणाऱ्या पुष्कळ जणींना राणी नाहीतर सरदारीण व्हायचं असतं. मखमल, जरी, मोत्यांच्या माळा. हौस आहे, असू दे. पण खऱ्या एलिझाबेथच्या राज्यात ही हौस गुन्हा ठरली असती. १५७४ साली राणीनं फर्मान काढलं, कुणी कोणतं कापड अंगावर घालायचं याचं. जांभळं रेशीम राजघराण्याला. मखमल, साटिन, सोन्याचांदीची तार ठरावीक दर्जाच्या घरांना. परकरसुद्धा सोडला नव्हता! मखमलीचा किंवा साटिनचा परकर कुणाच्या बायकांनी घालायचा, हेही त्यात लिहिलेलं होतं. परदेशी कापडापायी देशाचा पैसा बाहेर जातो, असं कारण दिलेलं. पण नीट वाचलं की दिसतं, बाईचा दर्जा मोजला होता तो मुख्यतः तिच्या नवऱ्यावरून नाहीतर बापावरून. सरदाराची बायको असेल तर चालेल. स्वतः राबून चार पैसे मिळवणारीला त्या यादीत जागाच नव्हती. हे पोशाखाचे कायदे १६०४ साली रद्द झाले, एलिझाबेथच्या मागून आलेल्या राजाच्या काळात.

मग राबणारी बाई घालायची काय? सगळ्यात आत एक लांब, सैल, लिननचा झगा. त्याला स्मॉक म्हणत. हे लिनन कशाचं, ठाऊक आहे? आपण ज्याची चटणी कुटतो त्या जवसाच्या काड्यांचं. काड्या पाण्यात कुजवायच्या, वाळवायच्या, बडवायच्या, विंचरायच्या आणि धागा काढायचा. अंबाडीचा वाख काढताना बघितलेल्या म्हाताऱ्यांना हे सांगायला नको. त्यावर लोकरीचा अंगाबरोबरचा पोशाख, पुढून नाडीनं आवळायचा. पुढून नाडी असली की बाई आपली आपण तयार होते. मागून नाडी बांधायची तर दुसरीचे हात लागतात, म्हणजे घरात दासी पाहिजे. नाडी कुठं आहे एवढ्यावरून बाईच्या घरची परिस्थिती कळायची! बाह्या पुष्कळदा वेगळ्या असत, बांधायच्या, सोडायच्या. वरून एप्रन, डोक्याला घट्ट टोपी, कमरेला चंचीसारखी पिशवी. आतला स्मॉक सारखा धुवायचा, वरची लोकर क्वचितच. तांबडा रंग आपल्या मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांचा. निळा वोड नावाच्या पाल्याचा, त्यात आपल्या निळीतलाच रंग असतो.

आणि ती चुण्यांची कॉलर! ती ताठ राहायची खळीवर. १५६४ साली डिंगेन व्हॅन डेन प्लास नावाची एक बाई फ्लँडर्सहून नवऱ्याबरोबर लंडनला आली. तिकडं खळ करण्यात बायका तरबेज होत्या. हिनं लंडनमध्ये त्याचा धंदाच मांडला आणि इतरांना शिकवायलाही लागली. कॉलरला खळ द्यायला शिकवायचे ४ ते ५ पौंड, खळ शिजवायला शिकवायचे २० शिलिंग, म्हणजे १ पौंड वेगळा. घरकाम करणाऱ्या मुलीला वर्षभर राबूनही एवढे पैसे मिळत नसत. परक्या मुलुखातून आलेली बाई, हातात कला, आणि तिनं कलेचा दर ठरवला, तोही कच्च्या कामाचा वेगळा, पक्क्या कामाचा वेगळा. आम्हाला तर राणीपेक्षा हिचंच कौतुक जास्त वाटलं. जत्रेत हिचं सोंग कुणी घेत असेल का?

सूत कातणं तर घराघरात होतं. इंग्रजीत स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. पुढं सरकारी कागदांत लग्न न झालेल्या बाईच्या नावापुढं तोच शब्द लिहायला लागले. कामाचं नाव होतं, ते तिच्या एकटेपणाचं झालं.

श्रीमंतांचे काही कपडे आज संग्रहालयांत काचेआड आहेत. गरीब बाईचे जवळजवळ नाहीतच. ते फाटेपर्यंत वापरले, मग उसवून पोरांना शिवले, आणि शेवटी चिंध्या उरल्या. आपल्याकडं त्यांची गोधडी झाली असती. युरोपात लिननच्या चिंध्या विकत घेऊन त्यांचा कागद करत. त्या काळची पुस्तकं छापलीत ती अशा कागदावर.

त्यामुळं जत्रेसाठी खरा, राबणाऱ्या बाईचा वेश शिवायचा म्हटलं, तर नमुना पाहायला मिळत नाही. अशा हौशी जणी मग जुनी मृत्युपत्रं वाचतात. कपडा तेव्हा महाग, म्हणून तो शेतीभांड्यांसारखा वाटून दिला जायचा. मरताना बाई लिहून ठेवायची, चांगला झगा कुणाला, त्याच्या खालोखालचा परकर कुणाला, रोजचा एप्रन कुणाला. कधी रंगही लिहिलेला असतो.