संगणक सुरक्षा शिक्षणातील पर्यायी मूल्यमापन

संगणक सुरक्षा शिक्षणातील पर्यायी मूल्यमापन म्हणजे पदवी स्तरावरील संगणक सुरक्षा अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेऐवजी किंवा तिच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या मूल्यमापन पद्धती होत. हल्ला व बचावाचे प्रयोग, कॅप्चर द फ्लॅग स्पर्धा, परीक्षण अहवाल आणि तोंडी परीक्षा यांचा त्यांत समावेश होतो. विद्यार्थ्याला व्याख्या किती पाठ आहेत यापेक्षा त्याला प्रणालीतील कच्चा दुवा शोधता येतो का आणि तो पक्का करता येतो का, हे तपासणे हा या पद्धतींचा उद्देश असतो.

पार्श्वभूमी

सुरक्षेच्या क्षेत्रात समोर प्रतिपक्ष असतो आणि तो नियम पाळण्यास बांधलेला नसतो. प्रणाली घडवणारा ती कशी चालेल याचा विचार करतो, तर हल्लेखोर ती कशी बिघडेल याचा. बफर ओव्हरफ्लोची व्याख्या अचूक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्याच आज्ञावलीतील तोच दोष ओळखता येईल, असे नाही. लेखी परीक्षेत ही उणीव झाकली जाते. पुढे तो बँकेची किंवा रुग्णालयाची प्रणाली सांभाळू लागल्यावर मात्र तिची किंमत इतरांना मोजावी लागते.

प्रमुख पद्धती

प्रयोगाधारित मूल्यमापन : विद्यार्थ्याला व्हर्च्युअल मशीनवर हेतुतः दोष ठेवलेली प्रणाली दिली जाते. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात वेनलिआंग डू यांनी २००२ मध्ये सुरू केलेला सीड लॅब्स हा मुक्त प्रयोगसंच यासाठी वापरला जातो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणक प्रणाली अभ्यासक्रमाचा ‘बॉम्ब लॅब’ हा स्वाध्यायही प्रसिद्ध आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला सहा टप्प्यांचा वेगळा ‘बॉम्ब’, म्हणजे एक आज्ञावली, मिळते. चुकीचे उत्तर दिल्यास तिचा ‘स्फोट’ होतो व गुण कमी होतात. प्रत्येकाची आज्ञावली निराळी असल्याने शेजाऱ्याचे उत्तर उपयोगी पडत नाही.

कॅप्चर द फ्लॅग : प्रणालीत दडवलेली अक्षरमाला, म्हणजेच ‘ध्वज’, शोधून काढण्याची ही स्पर्धा होय. डेफ कॉन या परिषदेत ती १९९६ पासून घेतली जाते. पुढे विद्यापीठांनी तिचे अभ्यासक्रमांत रूपांतर केले.

बचाव सराव : २००५ मध्ये टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे सुरू झालेल्या कॉलेजिएट सायबर डिफेन्स कॉम्पिटिशनमध्ये विद्यार्थ्यांच्या संघाकडे एका कंपनीसारखे जाळे सोपवले जाते. तज्ज्ञांचे हल्ले चालू असताना त्यांनी सेवा सुरू ठेवायची आणि व्यवस्थापनाची कामेही पार पाडायची असतात.

कोबायाशी मारू परीक्षा : ग्रेगरी कॉन्टी आणि जेम्स कॅरोलँड यांनी २०११ मध्ये ‘आयईईई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’ या नियतकालिकातील लेखात या परीक्षेचे वर्णन केले. विद्यार्थ्यांना ‘पाय’ या गणिती स्थिरांकाचे पहिले १०० अंक लिहिण्यास सांगण्यात आले. त्यासाठी फसवणूक करावी, हे अपेक्षितच होते. मात्र पकडला गेलेला विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरणार होता. ‘स्टार ट्रेक’ या चित्रपटमालिकेतील जिंकता न येणाऱ्या चाचणीवरून हे नाव घेतले आहे. हल्लेखोर नियमांकडे कसे पाहतो, याचा अनुभव देणे हा या प्रयोगाचा हेतू होता.

गुणदान

केवळ ध्वज सापडला म्हणून पूर्ण गुण दिले, तर नशीब आणि समज यांत फरक करता येत नाही. म्हणून अनेक शिक्षक लेखी अहवाल मागतात. दोषाचे मूळ, तो पुन्हा दाखवून देण्याच्या पायऱ्या, त्याची तीव्रता आणि दुरुस्तीचा उपाय या चार बाबी त्यात तपासता येतात. तीव्रता सांगण्यासाठी ० ते १० अशी सीव्हीएसएस ही मापनश्रेणी व्यवसायातही वापरली जाते. ध्वज न मिळालेल्या, पण योग्य दिशेने प्रयत्न केलेल्या विद्यार्थ्यालाही अशा अहवालामुळे न्याय मिळतो.

मर्यादा

स्पर्धेत पूर्वानुभव असलेले विद्यार्थी पुढे राहतात आणि नवशिके लवकर खचतात. गटकार्यात एकाच्या कष्टांचे श्रेय सर्वांना मिळू शकते. जुन्या कोड्यांची उत्तरे इंटरनेटवर सहज सापडतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे ही अडचण आणखी वाढली आहे. नवे प्रश्न दरवर्षी तयार करण्यास शिक्षकाचा बराच वेळ जातो. हल्ल्याचे तंत्र शिकवताना त्याच्या मर्यादा शिकवल्या नाहीत, तर तेच ज्ञान गैरवापराला वाट करून देते, हा सर्वांत गंभीर आक्षेप होय.

भारतातील संदर्भ

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे असे प्रयोग बाह्य जाळ्यापासून विलग केलेल्या संगणकांवरच घेणे आवश्यक ठरते. अमृता विश्व विद्यापीठातर्फे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘इनसीटीएफ’ ही स्पर्धा घेतली जाते.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेबरोबर टर्मवर्क, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा यांची परंपरा आहे. जर्नलमध्ये उतरवलेला प्रयोग विद्यार्थ्याला खरोखर समजला आहे का, हे तोंडी परीक्षेत आज्ञावलीतील एखादी ओळ बदलून ‘आता काय होईल?’ असे विचारल्यास कळते. नवी साधने उपलब्ध नसलेल्या महाविद्यालयांतही पर्यायी मूल्यमापनाची सुरुवात येथून करता येते.

हेही पहा

संगणक सुरक्षा
कूटलेखन
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००