इंजिन हेडचे फेसिंग : किती कापावे, कुठे थांबावे

पैठणच्या परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. रेडिएटरमधील पाणी कमी असेल आणि चालकाचे काट्याकडे लक्ष नसेल, तर इंजिन तापून बंद पडण्यास वेळ लागत नाही. मग गॅरेजमधून निदान येते, ‘हेड गॅस्केट गेले, फेसिंग करावे लागेल.’

सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असण्याचे कारण उघड आहे. हा धातू हलका असून उष्णता लवकर वाहून नेतो. परंतु तापल्यावर तो बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. खाली बिडाचा ब्लॉक आणि वर घट्ट आवळलेले बोल्ट, या कोंडीत अतिशय तापलेले हेड वाकते. फेसिंग म्हणजे त्याचा तळ यंत्रावर कापून पुन्हा सपाट करणे.

खरी जोखीम येथेच आहे. हेड वाकले, की त्यातील कॅमशाफ्टची बेअरिंगेही एका रेषेत राहत नाहीत. केवळ तळ कापला, तर वरचा बाक तसाच राहतो आणि कॅमशाफ्ट अडकते, प्रसंगी तुटतेही. म्हणून आधी हेड सरळ करणे किंवा बेअरिंगांची रेषा तपासणे अगत्याचे ठरते. घाईच्या कामात नेमके हेच वगळले जाते.

दुसरा प्रश्न कम्प्रेशनचा. ३०० घनसेंमीचा, ७२ मिमी व्यासाचा सिलिंडर आणि १० कम्प्रेशन रेशो धरला, तर अर्धा मिलिमीटर कापल्यावर तो १०.६ पर्यंत जाऊ शकतो. पेट्रोल इंजिन ‘नॉकिंग’ करू लागते. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, टायमिंगही किंचित सरकते. काही डिझेल इंजिनांच्या उत्पादकांनी तर हेड कापण्यास मनाईच केली आहे. कंपनीच्या पुस्तिकेतील किमान उंची हीच मर्यादा मानावी. ‘थोडे अजून घेऊ’ हे धोरण महागात पडते.

अतितापाने ॲल्युमिनियम मऊही पडते. अशा हेडचा तळ आरशासारखा चमकला तरी गॅस्केट पुन्हा उडते. त्यामुळे कठीणपणाची चाचणी आणि व्हॉल्व्ह सीटमधील बारीक तडे शोधणारी दाबचाचणी कापण्यापूर्वीच करून घ्यावी, अन्यथा मजुरी वाया जाते. कापताना हत्यार बोथट असेल, तर धातू त्याला चिकटून पृष्ठभाग ओरबाडतो. स्टीलच्या अनेक पदरी गॅस्केटला असा पृष्ठभाग चालत नाही. तेलाच्या मार्गात अडकलेला किस तर नंतर थेट बेअरिंगच खातो.

कारागिराच्या सुरक्षेचा मुद्दा वेगळा. पॉलिशिंगमध्ये उडणारी ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते. अशा आगीवर पाणी मारू नये, त्यातून हायड्रोजन निर्माण होतो. कोरडी वाळू जवळ ठेवावी.