सपोर्टला टाकलंय? मग ही गोष्ट ऐकाच

कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्सहार्बरने ऐरोली, घणसोली असा रोजचा प्रवास करणाऱ्यांसाठी आजचा भाग. आयटीत लागलेल्या पोरापोरींची एक तक्रार नेहमी ऐकू येते, ‘प्रॉडक्ट बनवणाऱ्या टीममध्ये नाही घेतलं, सपोर्टला टाकलं.’ जणू काही शिक्षाच झाली!

आधी आपल्या कळव्याच्या कारशेडकडे बघा. मुंबईच्या बऱ्याच लोकल चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यात बनतात. गाडी तयार झाली की कारखान्याचं काम संपलं. पण पुढची पंचवीसेक वर्षं ती धावते कोणाच्या जिवावर? कारशेडमधल्या माणसांच्या. सॉफ्टवेअरचंही असंच असतं. आणि गंमत म्हणजे, भारतातल्या कम्प्युटर उद्योगाच्या इतिहासातला एक मोठा धडा याच प्रश्नातून आलाय.

१९७३ च्या फेरा कायद्यानं परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. १९७७ मध्ये जनता सरकार आलं. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी हा नियम लावून धरला. आयबीएमला ते मान्य नव्हतं. १९७८ मध्ये कंपनीनं भारतातला गाशा गुंडाळला.

कंपनी गेली, पण मशिनं इथेच राहिली ना! ती बिघडली तर बघणार कोण?

यासाठी सरकारकडे एक कंपनी होती. तिचं नावच होतं कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी. देशभरातल्या ८०० हून जास्त ठिकाणची आयबीएमची मशिनं तिनं सांभाळायला घेतली. आयबीएममधले काही अनुभवी लोकही तिच्याकडे आले. पुढे इतर परदेशी कंपन्यांची मशिनंही तिच्याकडे आली. दुसऱ्यानं बनवलेलं उघडायचं, समजून घ्यायचं आणि चालू ठेवायचं, हीच तिची शाळा.

या शाळेतून काय निघालं? १९८० च्या दशकात दिल्लीत सुरू झालेली रेल्वेची कम्प्युटराइज्ड आरक्षण प्रणाली सीएमसीनं बनवली. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारातला आरडाओरडा थांबवून व्यवहार स्क्रीनवर आणणारी ‘बोल्ट’ प्रणालीही तिचीच. म्हणजे सांभाळणारेच पुढे बनवणारे झाले.

पण १९८४ मध्ये कंपनीचं नाव नुसतं ‘सीएमसी लिमिटेड’ झालं. ‘मेंटेनन्स’ हा शब्द गेला. २००१ मध्ये ती टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.

अमेरिकेत लिएंट्झ आणि स्वॉन्सन या दोघांनी ४८७ संस्थांची पाहणी करून १९८० मध्ये पुस्तक काढलं. प्रोग्रामर मंडळींचा जवळजवळ निम्मा वेळ आधीच्याच सॉफ्टवेअरवर जात होता. त्यातही नुसत्या चुका दुरुस्त करणं थोडंच. लोकांच्या नव्या गरजांप्रमाणे बदल करणं हेच मोठं काम.

म्हणून उरलेली माणसं सपोर्टला बसवणं हा हिशेब चुकीचा. तिथे जुनं जाणणारा एक तरी अनुभवी माणूस हवा, नीट लिहिलेली कागदपत्रं हवीत आणि बनवणाऱ्यांनी हातावेगळं करण्याआधी शिकवायला वेळ द्यायला हवा. तुम्हाला सपोर्टला टाकलं, तर या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

भेटू पुढच्या भागात!